दहावीनंतर आयबी डिप्लोमा घ्यायचा का? शेवटापासून सुरुवात करून ठरवा

माझ्या मुलीची दहावी स्टेट बोर्डातून, सेमी-इंग्रजी शाळेतून झाली. त्यानंतर अकरावी-बारावी न करता तिने आयबी डिप्लोमा केला. त्या दोन वर्षांत आम्ही काही गोष्टी वेळेवर शिकलो, काही उशिरा. आता दिवाळी झाली की ओळखीतल्या दहावीच्या पालकांचे फोन येऊ लागतात आणि पहिला प्रश्न बहुतेक हाच असतो: "शाळा कुठली चांगली?" मला वाटतं हा प्रश्न चौथा किंवा पाचवा यायला हवा. त्याआधी काय विचारायचं, ते क्रमाने लिहिते.

आधी हा डिप्लोमा म्हणजे काय ते थोडक्यात. इंटरनॅशनल बॅकॅलॉरिएट, म्हणजे आयबी, ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात सुरू झाली. देशोदेशी बदल्या होणाऱ्या कुटुंबांच्या मुलांना कुठल्याही देशातल्या विद्यापीठात जाता यावं, अशी एक परीक्षा त्यांना हवी होती. भारतात कोडाईकनाल इंटरनॅशनल स्कूलने १९७६ मध्ये हा अभ्यासक्रम पहिल्यांदा आणला. कोर्स दोन वर्षांचा, म्हणजे आपल्या अकरावी-बारावीच्या जागी बसणारा. फरक असा की इथे सायन्स, कॉमर्स, आर्ट्स असे कप्पे नाहीत. प्रत्येक मुलाला सहा गटांमधून सहा विषय घ्यावे लागतात: मुख्य भाषा आणि तिचं साहित्य, दुसरी भाषा, सामाजिक शास्त्र, विज्ञान, गणित आणि कला. कलेऐवजी दुसरं विज्ञान, दुसरं सामाजिक शास्त्र किंवा आणखी एक भाषा घेता येते. गणित मात्र कुणालाच सुटत नाही, आणि भाषाही.

सहांपैकी तीन विषय हायर लेव्हलला आणि तीन स्टँडर्ड लेव्हलला. मुलं त्यांना एचएल आणि एसएल म्हणतात. एचएलला सुमारे २४० तास शिकवणं अपेक्षित असतं, एसएलला १५०. प्रत्येक विषयाला १ ते ७ गुण, म्हणजे सहा विषयांचे ४२. उरलेले ३ टीओके आणि ईई या दोन गोष्टींमधून येतात, एकूण ४५. टीओके (थिअरी ऑफ नॉलेज) म्हणजे 'आपल्याला जे माहीत आहे ते कशावरून माहीत आहे' याचा अभ्यास. त्यात १६०० शब्दांचा एक निबंध आणि तीन वस्तूंवर आधारलेलं एक प्रदर्शन असतं. ईई (एक्स्टेंडेड एसे) हा कमाल ४००० शब्दांचा स्वतंत्र शोधनिबंध. तिसरी गोष्ट कॅस: कला, खेळ-व्यायाम आणि सेवा, साधारण १८ महिने. तिला गुण नाहीत, पण ती पूर्ण झाली नाही तर डिप्लोमा मिळत नाही.

पहिली पायरी: मूल पुढे कुठे जाणार, याचा अंदाज बांधा

पंधराव्या वर्षी करिअर ठरत नाही, हे मान्य. तरी तीन दिशांपैकी एक निवडता येते: भारतातल्या नीट-जेईईच्या वाटेने जायचं, भारतातच पण दुसऱ्या कुठल्या पदवीला जायचं, की परदेशात जायचं. पुढचं सगळं यावर अवलंबून आहे.

नीट किंवा जेईई हेच ध्येय असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आयबी घेऊ नका. या प्रवेशपरीक्षा एनसीईआरटीच्या अभ्यासक्रमाभोवती बेतलेल्या आहेत. आयबीतले धडे, त्यांचा क्रम आणि प्रश्नांची धाटणी वेगळी. शिवाय वेळापत्रकच आड येतं. आयबीची लेखी परीक्षा एप्रिलच्या अखेरीस सुरू होऊन मेमध्ये तीनेक आठवडे चालते. अलीकडच्या वर्षांत नीट मेच्या पहिल्या रविवारी झाली आहे, आणि जेईई मेनचं दुसरं सत्र एप्रिलमध्ये. एकाच वेळी दोन वेगळ्या परीक्षा मुलाच्या अंगावर येतात. दोन्ही जमवणारी मुलं असतात, पण त्यांच्याकडे बघून आपल्या मुलाचा निर्णय घेऊ नये.

भारतातच अर्थशास्त्र, कायदा, डिझाइन, लिबरल आर्ट्स, शुद्ध विज्ञान अशा वाटा असतील तर आयबी चालतो. असोसिएशन ऑफ इंडियन युनिव्हर्सिटीज, म्हणजे एआययू, आयबी डिप्लोमाला बारावीच्या समकक्ष मानते. अडचण निकालाच्या तारखेची. मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो आणि आपल्याकडच्या अनेक प्रवेशफेऱ्या त्याआधीच सुरू झालेल्या असतात. मुलाच्या मनात असलेल्या दोन-तीन कॉलेजांना आजच ईमेल करून विचारा: निकाल येईपर्यंत तुम्ही तात्पुरता प्रवेश देता का, आणि कशाच्या आधारे? उत्तर लेखी घ्या. फोनवर मिळालेलं "हो, होऊन जाईल" दोन वर्षांनी कुणालाच आठवत नाही.

परदेशाच्या बाबतीत आयबीची बाजू सगळ्यांत भक्कम आहे, आणि इथे जर्मनीचं उदाहरण सांगायलाच हवं, कारण पुण्या-मुंबईतल्या बऱ्याच घरांत आता जर्मनीचा विचार चालतो. आपल्या बारावीच्या गुणपत्रिकेवर तिथल्या विद्यापीठात सहसा थेट पदवीला घेत नाहीत. आधी भारतात पदवीचं एक वर्ष करा, किंवा जेईई अ‍ॅडव्हान्स्ड पात्र व्हा, नाहीतर तिकडे श्टुडिएनकोलेगमध्ये तयारीचं वर्ष काढा. आयबी डिप्लोमावर मात्र थेट अर्ज करता येतो, विषय त्यांच्या नियमात बसले तर. त्यांपैकी मोठा नियम असा, की एचएलच्या तीन विषयांत गणित किंवा एखादं विज्ञान असलंच पाहिजे. तीन एचएल म्हणून इतिहास, इंग्रजी आणि अर्थशास्त्र घेतलेल्या हुशार मुलालाही तो दरवाजा उघडत नाही, आणि हे त्याला बहुधा दुसऱ्या वर्षी कळतं.

ब्रिटनमध्ये अर्ज प्रेडिक्टेड ग्रेड्सवर, म्हणजे शाळेने वर्तवलेल्या गुणांवर होतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीय शाखेचे अर्ज १५ ऑक्टोबरला बंद होतात, म्हणजे अंतिम परीक्षेच्या सहा-सात महिने आधी. जागा सशर्त मिळते: एकूण इतके गुण आणि एचएलमध्ये अमुक, उदाहरणार्थ ७, ७, ६. अमेरिकेत अनेक विद्यापीठं एचएलच्या चांगल्या गुणांवर पहिल्या वर्षाची काही क्रेडिट्स देतात. किती देतात ते प्रत्येक विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहायचं.

दुसरी पायरी: या मुलाला रुंदी मानवेल का

शाळेच्या माहितीपत्रकात याचं उत्तर मिळणार नाही, ते घरातच शोधावं लागतं. आयबीची ताकद आणि त्रास एकच: काहीच सोडता येत नाही. केमिस्ट्री आवडणाऱ्या मुलीला कवितेवर विश्लेषण लिहावंच लागतं. चित्रकार मुलाला संख्याशास्त्र करावंच लागतं. ज्यांना "मला सगळंच आवडतं, एक काही निवडताच येत नाही" असं वाटतं, त्यांना ही दोन वर्षं मनापासून आवडतात. एकाच विषयाचं वेड असलेल्या मुलाला मात्र ब्रिटिश पद्धतीच्या ए लेव्हल्स जास्त मानवतील. तिथे तीन-चार विषय घ्यायचे आणि खोल जायचं.

मी पालकांना एक करायला सांगते. मुलाची गेल्या दोन वर्षांची गुणपत्रिका बाजूला ठेवा. न सांगता, गुण मिळणार नसताना त्याने काय लिहिलं, काय बनवलं, कशाचा माग काढला, ते आठवा. आयबीत प्रत्येक विषयात शाळेतच करायचं एक काम असतं. त्याला आयए म्हणतात आणि विषयानुसार साधारण २० ते ३० टक्के वजन त्याला असतं. विज्ञानात स्वतः प्रयोग रचायचा, गणितात स्वतः प्रश्न निवडून तो सोडवायचा. गाइड पाठ करून ९० टक्क्यांवर गेलेलं मूल इथे पहिले सहा महिने चाचपडतं. त्यात मुलाचा काही दोष नसतो, आपण त्याला तशी सवयच लावलेली नसते. पण ते सहा महिने येणार आहेत, हे घरातल्या सगळ्यांना आधी माहीत असलं पाहिजे.

आजीआजोबांनाही आधीच सांगून ठेवा, की इथे टक्के नसतात. ४५ पैकी ३४ म्हणजे ७५ टक्के असा हिशेब करू नये. जगभरची सरासरी ३० च्या आसपास असते, त्यामुळे ३४ हा चांगला निकाल आहे.

तिसरी पायरी: सहा विषय

इथे घाई करू नका. खरा निर्णय हाच आहे.

गणितापासून सुरुवात करा, कारण सगळ्यांत जास्त दरवाजे तिथे उघडतात किंवा बंद होतात. २०१९ पासून आयबीत गणिताचे दोन वेगळे कोर्स आहेत. 'अ‍ॅनालिसिस अँड अ‍ॅप्रोचेस', म्हणजे एए, हा बीजगणित, कॅलक्युलस आणि सिद्धतांकडे झुकलेला. त्याचा पहिला पेपर कॅलक्युलेटरशिवाय असतो. 'अ‍ॅप्लिकेशन्स अँड इंटरप्रिटेशन', म्हणजे एआय, हा संख्याशास्त्र आणि प्रत्यक्ष वापराकडे झुकलेला, आणि त्यात सगळे पेपर कॅलक्युलेटर घेऊन. दोन्ही एचएलला आणि एसएललाही मिळतात, म्हणजे एकूण चार पर्याय. स्टेट बोर्डाच्या बीजगणित-भूमितीवर वाढलेल्या मुलाला एए ओळखीचा वाटेल.

आमची चूक इथेच झाली. एआय एसएल "सोपा आहे, बाकीच्या विषयांना वेळ मिळेल" असं सांगितलं गेलं आणि आम्ही मान डोलावली. सप्टेंबरात मुलीने परदेशातल्या अर्थशास्त्राच्या पदव्यांचे निकष वाचायला घेतले, तेव्हा कळलं की तिच्या यादीतल्या बहुतेक ठिकाणी एए एचएल मागतात आणि एआय एसएल तर चालतच नाही. शाळेत "पुढे बघू" असं उत्तर मिळालं. आम्ही पुढे बघितलं नाही, त्याच आठवड्यात बदल करून घेतला. तिला दोन महिन्यांचा राहिलेला भाग रात्री बसून भरून काढावा लागला. नोव्हेंबर उजाडला असता तर जमलं नसतं. इंजिनीअरिंग, अर्थशास्त्र, भौतिकशास्त्र, कॉम्प्युटर सायन्स यांपैकी काहीही शक्यतेत असेल तर एए घ्या, आणि झेपत असेल तर एचएल. एचएलवरून एसएलवर उतरणं सोपं असतं, चढणं फार कठीण.

आता विज्ञान. इंजिनीअरिंगसाठी फिजिक्स आणि केमिस्ट्री दोन्ही हवेत. कलेच्या गटाऐवजी दुसरं विज्ञान घेऊन ते बसतं: इंग्रजी ए, हिंदी बी (भाषांचे हे 'ए' आणि 'बी' काय ते पुढे सांगते) आणि अर्थशास्त्र एसएलला, फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित एए एचएलला. भारतातल्या वैद्यकीय प्रवेशासाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतात. तीन विज्ञानं, दोन भाषा आणि गणित मिळूनच सहा होतात, सामाजिक शास्त्राला जागा उरत नाही. यासाठी 'नॉन-रेग्युलर डिप्लोमा' नावाची सोय आहे. विद्यापीठाची अट दाखवून शाळेने आयबीकडून आधी परवानगी घ्यायची असते. शाळेला हा शब्द उच्चारून विचारा. समोरच्याला तो ठाऊक नसेल तर त्या शाळेत हे कुणी केलेलं नाही असं समजा.

आणि भाषा. यावर थोडं जास्त लिहिते, कारण मराठी घरांना याची माहिती फार कमी मिळते.

पहिल्या गटातली भाषा म्हणजे 'ए': त्या भाषेतलं साहित्य वाचून त्यावर लिहायचं. दुसऱ्या गटात 'बी', म्हणजे थोडीफार येणारी भाषा, किंवा 'अब इनिशिओ', म्हणजे शून्यापासून शिकायची भाषा, जी फक्त एसएलला असते. बहुतेक शाळा डोळे मिटून इंग्रजी ए आणि फ्रेंच किंवा स्पॅनिश किंवा हिंदी बी असं लिहून टाकतात. पण आयबीत आपल्या मातृभाषेचं साहित्य 'ए' म्हणून, एसएलला, शिक्षकाशिवायही घेता येतं. याला 'स्कूल सपोर्टेड सेल्फ-टॉट' म्हणतात. ठरावीक ५५ भाषा आपोआप उपलब्ध असतात. बाकी कुठल्याही भाषेसाठी, तिच्यात पुरेसं लिखित साहित्य असेल तर, शाळेमार्फत खास विनंती करता येते. मराठीत साहित्याची वानवा नक्कीच नाही.

याचे दोन फायदे आहेत. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला इंग्रजी 'ए'च्या ओझ्याखाली दबण्याची गरज नाही. मराठी ए आणि इंग्रजी बी एचएल, अशी जोडी चालते. फक्त ज्या विद्यापीठात जायचं आहे तिथे इंग्रजीचा पुरावा म्हणून इंग्रजी बी धरतात का, ते तपासा. आणि ज्याचं इंग्रजी चांगलं आहे त्याने मराठी ए आणि इंग्रजी ए दोन्ही घेतले, दोन्हींत किमान ३ गुण मिळवले, तर त्याला 'बायलिंग्वल डिप्लोमा' मिळतो. दुबई-सिंगापूरला वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी तर याहून चांगली वाट मला माहीत नाही. घरात बोलली जाणारी भाषा गुणपत्रिकेवर येते.

कष्ट मात्र आहेत. एसएलला ९ साहित्यकृती वाचायच्या असतात, त्यांत अनुवादितही. पेपर मराठीत लिहायचा असतो. शिकवायला बाहेरून कुणी शोधावं लागतं, बहुधा पालकांनाच. एखादे निवृत्त मराठीचे प्राध्यापक मिळाले तर सोनं. खास विनंतीची मुदत कोर्सच्या अगदी सुरुवातीलाच येते, म्हणून प्रवेशाच्या मुलाखतीतच हा विषय काढा. शाळा नको म्हणेल, कारण त्यांना जास्तीचं काम पडतं. नम्रपणे पण पुन्हा विचारा.

चौथी पायरी: आता शाळा

शाळेला फक्त 'आयबी' नव्हे, तर 'डिप्लोमा प्रोग्रॅम'ची मान्यता आहे का, ते आयबीच्या संकेतस्थळावर पाहा. लहान मुलांच्या प्रोग्रॅमची मान्यता असलेल्या शाळेकडे डिप्लोमाची असतेच असं नाही. 'कॅन्डिडेट स्कूल' म्हणजे अजून मान्यता न मिळालेली शाळा.

मग भेटीत हे विचारा. आतापर्यंत किती बॅचेस बाहेर पडल्या? गेल्या तीन वर्षांची सरासरी किती, आणि किती मुलांना डिप्लोमा मिळाला नाही? वर्तवलेले गुण आणि प्रत्यक्ष गुण यांत किती तफावत पडते? एचएलला कोणते विषय खरोखर शिकवले जातात? दोनच मुलांनी निवडलेला विषय बंद करता का? दोन वर्षांत एचएलचे किती शिक्षक बदलले? शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. स्विमिंग पूल पाहायला वेळ घालवण्यापेक्षा दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाशी अर्धा तास बोलू द्या असं सांगा.

खर्चाबद्दल: फी वर्षाला काही लाखांत असते आणि शाळाशाळांत खूप फरक असतो. परीक्षेची फी बहुधा वेगळी, ग्राफिक कॅलक्युलेटर वेगळा, परदेशी अर्जांचा खर्च वेगळा. दोन्ही वर्षांचा एकूण आकडा लेखी मागा. आणि पैशाअभावी हा विचार सोडून देत असाल तर आधी युनायटेड वर्ल्ड कॉलेजेसबद्दल वाचा. त्यांचं एक निवासी कॉलेज मुळशीत आहे, १९९७ मध्ये सुरू झालेलं, आणि तिथे आयबी डिप्लोमाच शिकवतात. निवड राष्ट्रीय समितीमार्फत होते आणि कुटुंबाची गरज पाहून शिष्यवृत्ती मिळते. निवडीत दहावीच्या टक्क्यांपलीकडचं पाहतात. दहावीच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीतच चौकशी सुरू करा.

बाकी शाळांच्या प्रवेशप्रक्रियाही एसएससीच्या निकालाच्या बऱ्याच आधी, हिवाळ्यात सुरू होतात. वर्ग जुलै-ऑगस्टमध्ये भरतात. मधले तीन महिने इंग्रजीत लांब लिहिण्याच्या सरावाला द्या: आठवड्याला एक पानभर, कुठल्याही विषयावर.

पाचवी पायरी: दोन वर्षांचं कॅलेंडर भिंतीवर लावा

पहिलं वर्ष हलकं वाटतं, पण दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबर ते फेब्रुवारीत सगळं एकत्र कोसळतं: ईई, सहा विषयांचे आयए, टीओकेचा निबंध, विद्यापीठांचे अर्ज, पूर्वपरीक्षा. यावर एकच उपाय मला परिणामकारक दिसला. पहिल्या वर्षानंतरच्या सुट्टीत ईईचा पहिला पूर्ण मसुदा लिहून काढायचा. मुलीने हे केलं, आणि त्या हिवाळ्यात ती झोपू शकली.

कॅसची नोंद दर रविवारी ठेवली तर ती दहा मिनिटांची असते. वर्षाच्या शेवटी ठेवायला घेतली तर आठवडे जातात.

उत्तीर्ण होण्याचे नियम मुलाला तोंडपाठ असू द्या. किमान २४ गुण. एचएलच्या तीन विषयांत मिळून १२, एसएलमध्ये ९. कुठेही १ नको, २ दोनपेक्षा जास्त नकोत. टीओके किंवा ईईत 'ई' ही सगळ्यांत खालची श्रेणी नको. एकूण गुण भरपूर असूनही यांतल्या एका अटीवर डिप्लोमा अडतो. एखादा विषय अडखळत असेल तर या यादीपुढे ठेवून पाहा, तो कुठल्या अटीला धक्का लावतोय ते.

परीक्षेआधीच कोणत्या विद्यापीठांना निकाल थेट पाठवायचा ती यादी शाळेच्या आयबी कोऑर्डिनेटरकडे द्या. भारतातल्या कॉलेजांसाठी एआययूचं समकक्षता प्रमाणपत्र लागेल. त्याचा अर्ज ऑनलाइन असतो. दहावीची गुणपत्रिका, शाळेचे दाखले आणि ओळखपत्रं स्कॅन करून एप्रिलमध्येच एका फोल्डरमध्ये ठेवा, म्हणजे जुलैत गुणपत्रक हातात आलं की त्याच दिवशी अर्ज करता येईल. नावाचं स्पेलिंग दहावीच्या गुणपत्रिकेत, पासपोर्टमध्ये आणि आयबीच्या नोंदणीत एकसारखं आहे का, ते मात्र पहिल्या वर्षीच पाहून घ्या. वडिलांचं नाव मधे आहे की नाही, आडनाव आधी आहे की शेवटी, यावरून आपल्याकडची बरीच मुलं अडकतात. नोंदणी झाल्यावर दुरुस्तीला वेळ लागतो आणि प्रवेशाच्या त्या आठवड्यात तेवढा वेळ हाताशी नसतो.